पाळीने केलेल्या चोऱ्या

११ एप्रिल

विद्यापीठाचं पत्र आलं. उघडण्याआधी दोन तास ते चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं. छापील पाकिटातून माझ्यासाठी आजवर चांगलं काही निघालेलं नाही. मग गॅसचा नळ तीनदा तपासला आणि उघडलं.

निवा कोनात्सु नावाची एक विद्यार्थिनी लिहिते की ती जंगल, जमिनीचा वापर आणि टंचाई यावर प्रबंध लिहीत आहे. लाकूड कमी आणि माणसं जास्त असताना गाव ते कसं वाटून घेतं, हा तिचा विषय. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने एकशे चाळीस गावांना प्रश्नपत्रिका पाठवली होती. "आपला सामाईक डोंगर अजून जुन्या नियमांनी वापरता का?" या प्रश्नाला एकाच गावाने 'हो' म्हटलं. ते गाव आमची कुराताबा वाडी.

त्या 'हो'वर खूण मी केली होती. तेव्हाही वाडीप्रमुख मीच होतो, कारण दुसरं कोणी होत नाही. 'नाही'वर खूण केली असती तर खाली चार ओळी होत्या, "कारणे लिहा" म्हणून. माझं शिक्षण नववीपर्यंत. अवघड अक्षरं चुकतात, आणि विद्यापीठात ती कोण वाचेल याचीच चिंता. 'हो'खाली काहीच लिहायचं नव्हतं.

खरं असं की वाडीत गॅस आल्यापासून, म्हणजे अडतीस वर्षं, डोंगरात कोणी गेलेलं नाही. वाटही उरलेली नाही. तीन वर्षांपूर्वी माझा बालमित्र मासाकिची कुत्रा शोधायला आत शिरला, तो पलीकडच्या जिल्ह्यात उतरला आणि बसने परत आला. कुत्रा आधीच घरी आला होता.

मुलगी जानेवारीपर्यंत इथे राहणार आहे. तिचा सगळा प्रबंध या एका उत्तरावर उभा आहे आणि विषय बदलायची मुदत संपली आहे, असंही तिने लिहिलं आहे. म्हणजे माझ्या एका खुणेमुळे एका पोरीची पदवी बुडणार. रक्तदाब बघितला. लिहून ठेवण्यासारखा नाही.

१३ एप्रिल

सभागृहात सगळे जमलो. सगळे म्हणजे आठ घरांतली अकरा माणसं. मी उभा राहून सांगितलं आणि मान खाली घालून बसलो.

 मग मासाकिची म्हणाला, "चार ओळी लिहायला नकोत म्हणून तू एका पोरीचं आयुष्य घेतलंस होय."

"मला सांगितलं असतंत तर मी लिहिल्या असत्या," फुसाएवहिनी म्हणाल्या. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे यजमान वाडीचे शेवटचे डोंगरराखे होते. "पण आता काय. नियम मला पाठ आहेत. दर घराला एक कोयता, एक हातकरवत. ओझं वाहायला पाठीला बांधतात त्या शिडीवर मावेल तेवढंच लाकूड. डोंगर उघडल्याची घंटा होण्याआधी कोणी पाऊल टाकायचं नाही. मोडला नियम तर तांदळाच्या दारूची, साकेची मोठी बाटली सभागृहात आणायची, ती सगळ्यांनी मिळून प्यायची."

"चोरानेही?"

"चोरानेही. नाहीतर तो वर्षभर तोंड चुकवत फिरेल."

मी म्हटलं की तिला खरं सांगून टाकू. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही भलतं सुचवलं. पोर एवढ्या लांबून येणार, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. ठरलं: एक वर्ष नियम पाळायचे.

सभा संपल्यावर मासाकिचीने बाहेर गाठलं. "लहानपणापासून बघतोय, तुझ्यामुळे मला नेहमी डोंगर चढावा लागतो."

२८ एप्रिल

निवा आली. चष्मा, लाल टोपी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. तिला चौथ्या नंबरचं रिकामं घर दिलं, मासाकिची आणि फुसाएवहिनींच्या मधलं. बाकीची घरं होती त्याच नंबरांवर आहेत.

दुपारीच मला म्हणाली, "ओगिसोसान, डोंगराची वाट दाखवता का?"

 फुसाएवहिनी पाठीमागून शांतपणे म्हणाल्या, "डोंगर बंद आहे, बाळ. नोव्हेंबरात घंटा झाल्याशिवाय कोणी आत जात नाही."

"कोणीच नाही?"

"गवताची काडीसुद्धा हलवत नाही कोणी."

निवा कुंपणापलीकडच्या रानाकडे बघत राहिली. माणसाच्या उंचीचा बांबू माजला आहे तिथे. मग तिने वहीत लिहिलं. मी तिरक्या नजरेने वाचलं: "नियमांचे पालन असाधारण."

तिला मोजणीसाठी आत जायची परवानगी वाडीप्रमुख म्हणून मी लेखी दिली. त्यात दोन अक्षरं चुकली.

३० मे

झोप नाही. तिच्या प्राध्यापकांनी तिला विचारलं आहे की वाडीत नियम मोडण्याचे प्रकार वर्षाला किती होतात. मी लगेच म्हटलं, एकही नाही. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिचा चेहरा पडला.

"आजोबा," ती म्हणाली. आता आजोबा म्हणते. "सर म्हणतात, जिथे कोणी चोरत नाही तिथे टंचाई नाही. नियम फक्त कागदावर आहेत असा अर्थ होतो. मग माझं पहिलं प्रकरणच पडतं."

मी म्हटलं, जरा आठवून सांगतो.

२ जून

पुन्हा सभा. मुद्दा एकच: चोर हवा.

सुरुवातीला कोणीच तयार होईना. सत्तर-ऐंशी वर्षं नाव सांभाळलेली माणसं. मासाकिची म्हणाला, "ज्याने खूण केली त्याने चोरावं." मी सांगितलं की मला डोंगरराखा व्हावं लागणार, प्रमुख तोच राखा हा नियम आहे, आणि राख्याने चोरणं शोभत नाही.

शेवटी फुसाएवहिनी म्हणाल्या, "गटारं कशी साफ करतो आपण? पाळीने. मंदिराचं गवत? पाळीने. मग हेही पाळीने. कोणा एकाच्या कपाळी डाग नको."

हे सगळ्यांना पटलं. पाळीने केलेलं काम म्हणजे काम, त्यात लाज कसली. ओढ्याच्या वरच्या अंगापासून खाली, घराच्या नंबराप्रमाणे. जुलैपासून दर पंधरवड्याला, शनिवारी सकाळी दहा वाजता, एक चोरी. माझं घर नववं, शेवटचं. ती पाळी आली की राखण मासाकिची करेल.

नेहमीप्रमाणे कागद फळीला लावून घरोघर फिरवायला सोडला. वाचून प्रत्येकाने शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. वर ठळक लिहिलं: "चोरीच्या पाळ्या. पाऊस असल्यास पुढच्या शनिवारी."

९ जून

फळी परत आली. घरं आठ, शिक्के नऊ.

तीनदा मोजले. नऊ. चौथ्या रकान्यात छोटा, नीटस, नवाकोरा शिक्का: निवा.

धावत फुसाएवहिनींकडे गेलो. त्या मुळा किसत होत्या. "वहिनी, फळी तुम्ही तिच्या घरी दिलीत."

"तिसऱ्यानंतर चौथं घर येतं. मी काय उडी मारून जाऊ?"

"त्यावर चोरीचं सगळं लिहिलंय."

त्यांनी किसणी खाली ठेवली. थोडा विचार केला. "वाचलं नसेल. फळी कोण वाचतं? मागे तुम्ही स्वतः आमच्या महिला मंडळाच्या गरम झऱ्यांवरच्या आंघोळीच्या सहलीला 'येणार' म्हणून शिक्का मारला होता."

ते खरं आहे. जीव भांड्यात पडला. शिकलेली माणसं इतकी पुस्तकं वाचतात, त्यांना असले कागद वाचायला वेळ कुठे. तरी यादीत चौथ्या घराची पाळीही लागली आहे हे आता लक्षात आलं. तेवढा शनिवार मोकळा जाईल.

६ जुलै

पहिली चोरी. पहिलं घर मासाकिचीचे थोरले चुलतभाऊ, वय शहाऐंशी, कंबर वाकलेली. त्यांच्याऐवजी मासाकिचीने केली, बदल्यात ते त्याचं गटार साफ करणार.

मी दहाला कुंपणाआड लपलो. दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी चोर नाही. मग दिसला, हाक मारत येत होता, "त्सुनेओ, कुठेयस? वाट कुठनं काढायची?" मी हळूच म्हटलं की मी लपलो आहे. तो म्हणाला, "मग मी कोणाला विचारू?"

दोघांनी मिळून बांबू तोडला आणि आत शिरलो. आत ओकची झाडं आहेत हे मी विसरलो होतो. सरळ, मांडीएवढी जाड. मासाकिचीने एकाच्या खोडावर हात ठेवला. हे त्याचे वडील तोडायचे त्याच बुंध्यातून पुन्हा फुटलेलं. 

वाळक्या फांद्यांची मोळी त्याने धुण्याच्या दोरीने बांधली. बाहेर आल्यावर मी ठरल्याप्रमाणे त्याचा दंड धरला. निवा तिथे होती. फोटो काढून झाल्यावर तिने विचारलं, "काका, तुम्ही चोरी का केलीत?"

याची तयारी आम्ही केली नव्हती. मासाकिचीने घाम पुसला. "शेजाऱ्याकडे जास्त होतं म्हणून," तो म्हणाला.

तिने ते शब्दशः लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळी दंडाची बाटली सगळ्यांनी प्यायली. सभागृहात एवढी माणसं मी बायकोच्या दिवसांनंतर पहिल्यांदा पाहिली.

१७ ऑगस्ट

आज चौथ्या घराची पाळी, म्हणजे सुट्टी. तरी चैन पडेना म्हणून दहाला कुंपणाशी गेलो.

निवा बसली होती. डोक्याला पंचा बांधलेला, मांडीवर कोयता, शेजारी बेताची मोळी, गाठ अगदी बरोबर.

"आजोबा, दोन मिनिटं उशीर झाला तुम्हाला."

मी म्हटलं, "हे काय, बाळ?"

"चोरी."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, "पकडा ना. ऊन लागतंय."

पकडली. दुसरं काय करणार. नंतर फुसाएवहिनींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या, का ते सांगेनात. मला वाटतं हा अभ्यासाचाच भाग असावा. डॉक्टर शिकताना एकमेकांना सुया टोचतात म्हणतात, तसं. नेमका शनिवार आणि दहाचीच वेळ कशी साधली, याचं नवल वाटतं. मन लावून काम करणारी पोर आहे. दंडाची बाटलीही तिने मासाकिचीपेक्षा चांगली आणली, त्यावर तो रुसला.

माझी काळजी वाढली. इतकी प्रामाणिक मुलगी, आणि मी तिला फसवतो आहे.

४ नोव्हेंबर

डोंगर उघडला. कोठीच्या माळ्यावरची घंटा पुसून आणली. नियमाप्रमाणे साडेसातला वाजवायची.

मी सातला पोहोचलो तर सगळे हजर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फुसाएवहिनींच्या पाठीवर यजमानांची शिडी होती. मासाकिचीचा एक पाय रेघेपुढे होता. मी म्हटलं, "पाय मागे." तो म्हणाला, "पाय नाही तो, सावली आहे." मी म्हटलं, सावलीही मागे. त्याने खरोखर दोन पावलं मागे घेतली.

निवाने आतल्या प्रत्येक ओकला पत्र्याची छोटी चकती लावली आहे, तिच्यावर आकडा. तीनशे सहा झाडं. यंदा कुठली तोडायची ते फुसाएवहिनींनी खुणा करून ठेवलं होतं.

घंटा वाजवली. कोणाची कंबर दुखते असं त्या सकाळी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

१९ नोव्हेंबर

लाकूड आणलं तर ते जाळायला हवं म्हणून अंगणातलं आंघोळीचं जुनं लोखंडी टाकं घासून काढलं. लाकडावर तापलेल्या पाण्याने गुडघा इतका मोकळा झाला की रात्री गोळी घेतली नाही. गॅसच्या पाण्याने असं कधी झालं नाही.

पण वळचणीची माझी रास कमरेपर्यंत आहे आणि मासाकिचीची छातीपर्यंत. दोघांना सारख्याच खेपा. सकाळी हे पाहिलं आणि दिवसभर मनातून जाईना. मार्चपर्यंत माझी पुरणार नाही. त्याची पुरेल.

त्याला म्हटलं, "तुझी रास जरा उंच दिसते."

"मी नीट रचतो," तो म्हणाला.

१० डिसेंबर

हे लिहावं की नाही. ही वही मी मेल्यावर कोणी वाचेल. तरी लिहितो.

आज आरोग्य तपासणीची गाडी आली होती. सगळे सभागृहात रांगेत बसले. मी पोट बिघडल्याचं सांगून निघालो, करवत घेतली आणि डोंगरात गेलो. डोंगर गेल्याच महिन्यात बंद झाला आहे. माझी पाळीही नव्हती. ती मी ऑक्टोबरातच रीतसर केली होती आणि मासाकिचीने मला नको तितकं घट्ट पकडलं होतं.

एक वाळलेला ओक मी नोव्हेंबरापासून नजरेत ठेवला होता. तोडला. दोन खेपा केल्या. वाट चांगली मळलेली होती, चालायला त्रास झाला नाही. एवढी कोण मळवतं, कळलं नाही. आणखी दोन-तीन ताजे बुंधे दिसले, ते घंटेच्या दिवशीचे मला आठवेनात. स्मरणशक्ती जात चालली आहे. डॉक्टरांना विचारायला हवं, पण आज तर मी त्यांना चुकवलं.

त्या झाडाची चकती औषधाच्या डब्यात लपवली आहे. क्रमांक दोनशे बारा. डोंगरराखा मी. आयुष्यभर मोडल्या नाहीत अशा दहा गोष्टी होत्या, आता नऊ राहिल्या.

आंघोळ मात्र फार छान झाली. ही लाज वेगळीच.

२० जानेवारी

प्रबंध दिला, निवा निघाली. बसथांब्यावर सगळे आले. फुसाएवहिनींनी लोणच्याचा डबा दिला. मासाकिचीने धुण्याची ती दोरी दिली, आठवण म्हणून.

मला सांगायचं होतं. त्या खुणेबद्दल आणि दोनशे बाराबद्दल. बस दिसू लागली तेव्हा म्हटलं, "निवा, ती प्रश्नपत्रिका. त्यात मी 'हो' म्हटलं होतं..."

"हो, आजोबा," ती म्हणाली. "बरं झालं म्हणालात."

बस गेली. म्हणजे तिला काही कळलेलं नाही. मग हे ओझं मलाच न्यायचं आहे.

१४ मार्च

पदवी मिळाली. प्रबंधाच्या आठ प्रती आल्या, दर घराला एक. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि संध्याकाळी सातव्या तक्त्यापर्यंत आलो. तक्ता असा आहे:

डोंगर बंद असताना झालेल्या चोऱ्या. पाळीने: नऊ. पाळीबाहेर: एक.

'पाळीने'. तिला पाळी माहीत होती. मागे जाऊन वाचलं तर सगळंच आहे: अडतीस वर्षं, मासाकिचीचा कुत्रा, सभा, फळी. "वाडीने माझ्यासाठी टंचाई तयार केली आणि नोव्हेंबरपर्यंत ती खरी झाली," असं लिहिलं आहे. तिला हे कोणी सांगितलं असेल, याचा विचार करतो आहे. फुसाएवहिनींवर संशय आहे.

पण ते नंतर. पाळीबाहेर: एक. तिने नाव लिहिलेलं नाही. आठही घरांत हा तक्ता आज वाचला जात असेल आणि प्रत्येक जण विचार करत असेल, कोण.

१५ मार्च

झोप न लागताच उठलो. मोठी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, औषधाच्या डब्यातून चकती काढून तिच्या मानेला बांधली. कोणी उठायच्या आत सभागृहाच्या पायरीवर ठेवून यावी, नाव न सांगता. नियम पाळला जाईल आणि मला तोंडही दाखवावं लागणार नाही.

पायरीवर सहा बाटल्या होत्या.

सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एकीची गाठ फुसाएवहिनींची, मी ओळखतो. एक सर्वांत स्वस्त, म्हणजे मासाकिचीची. तीन बाटल्यांच्या मानेला चकत्या होत्या: सत्त्याण्णव, एकशे चाळीस, तीनशे दोन. मी माझी सातवी ठेवली. वळलो तर थोरले चुलतभाऊ काठी टेकत येत होते, काखेत बाटली.

"तू?" ते म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी सातही बाटल्या काठीने मोजल्या. "तिने एकच लिहिलंय," म्हणाले, आणि आठवी ठेवून गेले.

दुपारी कुरियरवाला माझ्या नावाचं खोकं घेऊन आला. आत एक बाटली, मासाकिचीच्या बाटलीपेक्षा पुन्हा चांगली, आणि निवाची चिठ्ठी.

"आजोबा, डिसेंबरात चौथ्या घरात थंडी फार होती. सातव्या तक्त्यातली पाळीबाहेरची चोरी माझी. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. दंड पाठवते आहे. प्यायला मी नसेन, तेव्हा माझा पेला मासाकिचीकाकांना द्या, म्हणजे ते रुसणार नाहीत."

म्हणजे प्रबंधात चूक आहे. पाळीबाहेर एक नाही, नऊ. पदवी देऊन झाली आहे, आणि हे विद्यापीठाला कळलं तर ते ती परत घेतील का? न कळवावं तर पुन्हा खोटं, तेही माझ्याच सहीचं. मासाकिचीला विचारलं. तो सभागृहात नऊ बाटल्या ओळीने मांडत होता. म्हणाला, "कळव की. पण आधी ये, चोरांची सभा भरलीये, तुझ्याशिवाय कोरम होत नाही."

गेलो. आल्यावर कागद काढला आहे. पेन्सिलीला टोक केलं, गॅसचा नळ बघितला, शब्दकोश उघडून ठेवला आहे. घराघराने कारण विचारून आलो. सगळ्यांची वेगळी आहेत, आणि फुसाएवहिनींचं तर दोन वेळा लिहून घ्यावं लागलं.

चार ओळींत मावणार नाही.